मिनिटाला एक अंश

सर, मी आता औरादला एका बेकरीत भट्टीवर असतो. पावाचा ट्रे आत सरकवला की आच वाढवायला हात जातो आणि मागून तुमचा आवाज येतो, "कामून घाई करायलास?" वळून बघतो तर पिठाची पोती. तुम्हाला जाऊन सहा वर्षं झाली, तरी मी वळतोच.

बिदरच्या कॉलेजातली तुमची लॅब आठवते. मधासारखा घट्ट पॉलिमर तुम्ही साच्यात ओतता. तो आधी कडक करायचा, मग नायट्रोजनच्या भट्टीत हळूहळू हजार अंशांपर्यंत न्यायचा. आतला वायू निघून जातो, वस्तू आकसते, काळी पडते आणि तिचं सिरॅमिक होतं. "रॉकेटला असलंच लावतेत, पण मला आपल्या गुऱ्हाळाचं पडलंय," तुम्ही म्हणता. तुमच्या भावाच्या गुऱ्हाळात कढईखालच्या चुलवाणातलं लोखंड दर हंगामाला जळून जायचं. त्याला न जळणारी सळई द्यायची म्हणून दोन वर्षं तुम्ही त्या एका मिश्रणामागं होता. त्या शनिवारी सकाळी अंगठ्याएवढी जाड कांडी भट्टीत ठेवलीत, मिनिटाला एक अंश आच लावलीत आणि मला राखणीला बसवलंत. "उद्यापतूर उघडू नको. तुझं डोकं तापट हाय, भट्टीला शिकवू नको."

कांडीच्या मागं मी एक अंगठी लपवली होती, त्याच पॉलिमरची. वर्गातल्या तिच्यासाठी. संध्याकाळच्या गाडीनं ती कलबुर्गीला जाणार होती, तिथं तिला बघायला पाहुणे यायचे होते. तुम्ही गेल्यावर मी एकाचे पाच अंश केले.

अंगठी बारीक, तिच्यातला वायू सहज निघाला, ती अखंड राहिली. तुमच्या जाड कांडीत तो कोंडला. तीन तुकडे. मी अंगठी काढून भट्टीचं दार लावून घेतलं आणि स्टँडकडं पळालो. अंगठी तिच्या करंगळीच्या पेराखाली उतरेना. किती आकसेल ते मी धरलंच नव्हतं. "माझ्या भाचीला व्हईल बघ," ती हसली. मी ती हिसकावून घेतली आणि नको ते बोललो. गाडी गेली.

दुसऱ्या दिवशी तुम्ही तुकडे तळहातावर घेऊन उभे आहात.

"कुणी हात लावला का रे?"

"न्हाई सर."

तुम्ही वहीत लिहिता, मिश्रण चुकलं. मग मलाच चहा पाजता. "तू कामून तोंड पाडलास? चूक माझी हाय."

ते मिश्रण तुम्ही पुन्हा केलं नाही आणि वर्षभरात गेलात. मी कॉलेज सोडलं ते तिच्यापायी, असं सगळे धरून चालतात, मीही तेच सांगतो. ती दुरावल्याचं दुःख सहा महिन्यांत सरलं. त्या चहानंतर मला तुमच्यासमोर बसवेना, हे खरं.

इथवरचं लिहून कागद खिशात घातला आणि काल गुऱ्हाळावर गेलो. मिश्रण बरोबर होतं, हे तुमच्या भावाला तरी कळावं म्हणून. त्यांनी मला ओळखलं नाही. रसाचा पेला दिला आणि म्हणाले, "जरा हात लाव की." जळकी सळई बदलायची होती. मी दुसरं टोक धरलं. कागद खिशातून काढला नाही.