होडीच्या कव्हरची अडकलेली चेन

अहो,

कोमट पाणी. जुना टूथब्रश. मेणबत्तीचा तुकडा. दोन कप चहा. बंद तोंड.

होडीच्या कव्हरची चेन सोडवायला तुम्हाला आज एवढं सगळं लागेल. मी बहिणीकडे जाते आहे, संध्याकाळी येईन.

परवाच्या भांडणापासून तुमच्या लेकीने अंगणातल्या होडीतच मुक्काम ठोकलाय आणि कव्हरची चेन निम्म्यावर अडकली आहे. मांजरासारखी त्या फटीतून ये-जा करते बिचारी.

पक्कड आणू नका. मागच्या वेळी ओढलीत तेव्हा रनरच हातात आला होता. आधी दात्यांत साचलेलं मीठ ब्रशने धुवा, नीट वाळू द्या, मग मेण घासा. गोडं तेल नको, धूळ चिकटते. रनर आधी थोडा मागे घ्या, मगच पुढे ढकला. मागे घेतल्याने कुणाचं नाक कापलं जात नाही.

तिच्या जहाजावरच्या नोकरीचा विषय तुम्ही काढू नका. तिने काढला तर ऐकून घ्या. होडी चालवायला तिला शिकवलं कुणी, तेही आठवा. सोमवारी ती जाणारच आहे. रुसून जाते की तुम्हाला सांगून, एवढंच आता तुमच्या हातात आहे.

चहा बिनसाखरेचा द्या, हल्ली ती तसाच घेते.

चेनला आतल्या बाजूने तिने कालच मेण लावून ठेवलं आहे.