हौदावरची काई

प्रिय मेघा,

तू दिलेल्या बाटल्या उकळून, वाळवून मगच खाप्याला तुमच्या घरी नेल्या, हे आधी सांगतो. हयगय केली नाही. पंप दुरुस्त करण्यात माझा जन्म गेला; तुझ्या त्या सायनोबॅक्टेरियाचं जे काही कळतं ते तू समजावलंस म्हणून, नाहीतर आमच्यासाठी ती नुसती काईच होती वं. उन्हात जीव तगवायला ती अंगाभोवती चिकटा धरते, त्या चिकट्यात साखरेच्या लांबच लांब साखळ्या असतात, आणि तो पसरून वाळवला की प्लास्टिकसारखा पापुद्रा होतो, पण मातीत कुजून जाणारा. हे मी इतक्यांना ऐकवलंय की प्रताप नगरात मला पाहून माणसं गल्ली बदलतात.

गेल्या हिवाळ्यात तू संत्र्यावर तो थर चढवून दिला होतास. शेजारी ठेवलेलं साधं संत्रं सुरकुतलं, तुझं टणकच. ते घेऊन मी कळमन्याच्या फळबाजारात गेलो. एक अडत्या म्हणाला, काईचं संत्रं कोण खाईन गा, काका? मग त्यानंच सोलून खाल्लं आणि अजून आहे काय म्हणून विचारलं. घरी येईपर्यंत माझे पाय जमिनीवर नव्हते.

म्हणून तुझ्या प्रयोगशाळेतल्या साऱ्या बाटल्यांत बुरशी शिरली, राखून ठेवलेलं वाणही गेलं, असं तू सांगितलंस तेव्हा मीच खाप्याला जातो म्हणालो. तळ्यातली, कन्हान नदीच्या घाटावरची काई तू आधीच तपासून टाकून दिली होतीस. तसा दाट चिकटा एकाच जागी, तुमच्या खाप्याच्या अंगणातल्या हौदाच्या ओट्यावर. तिथून खरवडून आणली तर काम पुन्हा उभं राहील, नाहीतर या महिन्यात ते बंद होईल, हे मला ठाऊक होतं.

मी गेलो तर हौद पांढराशुभ्र. ओट्यावर चुन्याचा हात, सगळीकडे ब्लीचिंगचा वास. तुझी आई, आमची इंदूताई, कमरेवर हात ठेवून उभी, म्हणाली, पाह्य बरं कसा चकाकून राहिला. तू दसऱ्याला येतेस एवढंच तिला माहीत होतं. ती हसेल म्हणून काईचं तू कधी तिच्याजवळ बोलली नाहीस, आणि मीही नाही. पोरगी येऊन राहिली, पुन्हा घसरली तं, असं म्हणत तिनं तारेच्या ब्रशनं घासलं, ॲसिड ओतलं, वर चुना लावला. लहानपणी त्याच ओट्यावरून घसरून तुझी हनुवटी फुटली होती. तुझ्या हनुवटीला पदर दाबून ती दवाखान्यापर्यंत अनवाणी धावली होती. तो डाग तुझ्या चेहऱ्यावर आहे, पण रोज पाहते ती.

पाइप गळतो असं सांगून मी ओट्याच्या भेगा खरवडल्या, नळाच्या तोटीखालचं, मोरीच्या तोंडाचं, हाताला लागलं ते सगळं बाटल्यांत भरलं. इथं गच्चीवर ठेवून पाणी देत राहिलो. हिरवं धरलं तेव्हा आशा वाटली. मग तू दाखवलं होतंस तसं दोन बोटांत धरून ओढून पाहिलं. पाकासारखी तार यायला हवी. आली नाही, नुसतं पाणी. रोज पाहतो, रोज पाणीच. तरी बाटल्या पाठवतो, पण तू त्यांच्यावर आस ठेवू नकोस.

हे फोनवर सांगता आलं असतं, पण इंदूताई सध्या माझ्याकडेच आहे, आणि मला फोन स्पीकरवरच ऐकू येतो. ॲसिडनं तिच्या हाताची सालटी निघालीत, म्हणून डॉक्टरला दाखवायला आणली. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती ते हात दाखवते आणि हौदाचं सांगते. तुलाही सांगेल. तेव्हा तुझा आवाज तिला काही कळू देईल या भीतीनं हे लिहिलं. काम बंद का पडलं म्हणून तिनं विचारलं तर बुरशीचं सांग, तेही खोटं नाही. आणि दसऱ्याला आलीस की भिंत न धरता त्या ओट्यावरून चालत जा. ती दारातून पाहत असेल.

तुझाच,
बळीराममामा