प्लास्टर निघाल्यावर

बाबा, माझ्या डाव्या पायाचं प्लास्टर निघून अडीच महिने झाले आणि मला अजून खुर्चीचे हात धरल्याशिवाय उठता येत नाही. हाड जुळलंय. मांडी मात्र इतकी सुकलीय की दोन्ही पाय शेजारी ठेवले तर हा दुसऱ्या कुणाचा वाटतो. व्यायाम करवायला येणाऱ्या दीदी म्हणतात, "आंटी, जवानी में जो हफ़्तों में भर जाता है, इस उमर में महीनों लेता है. कभी पूरा भरता भी नहीं. बस खाना मत छोड़िए." मी बासष्टची आहे. हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर.

तेव्हा म्हणजे तुमचा पाय मोडला तेव्हा. पुरानी बस्तीतलं घर, तुम्ही रेल्वेतून निवृत्त, सत्तरीचे. मी शाळेत पी.टी. शिकवणारी, पस्तिशीची. कॉलेजात खो-खो खेळताना माझाही पाय मोडला होता, आणि प्लास्टर निघाल्यावर महिन्याभरात मी पळत होते. तेवढ्या शिदोरीवर मी तुमची डॉक्टर झाले. अंथरुणावर जेवायचं नाही, हा आईचा नियम. आई गेल्यावर तो मी चालवला, तुमचं प्लास्टर निघाल्यावरही, मुद्दामच. स्वयंपाकघरात ताट मांडते आणि हाक मारते, "बाबा, जेवाचं असंल तर चालत या." तुम्ही पलंगाच्या काठावर, दोन्ही हात गादीवर टेकून.

"उठून तर राहिलो, बाई. पाय आयकत नाही."

"मनावर घेत नाही तुम्ही. मले काहून जमलं मंग?"

पुढे पुढे रात्रीचं जेवण तुम्ही सोडलंत. भूक नाही म्हणालात, आणि मी ते खरं धरलं. आता दीदींचं बोलणं ऐकते तेव्हा कळतं, तुमचा पाय मीच आणखी वाळवत होते. तुम्ही पुन्हा चाललाच नाहीत, आणि वर्षाच्या आत गेलात.

काल मुलगा म्हणाला, "मम्मी, थोड़ा मन से करो ना." त्याचा राग आला नाही. त्याला काय सांगू? जोर लावते, मांडी थरथरते, घाम फुटतो, आणि मी परत खुर्चीत बसलेली.

हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून एक लिहून ठेवते. एकदा शिट्टी विसरली म्हणून मी भरदुपारी शाळेतून घरी आले होते. खिडकीतून पाहिलं. तुम्ही पलंगाच्या उशाचा गज धरून उठत होतात, गादीवर पडत होतात, पुन्हा उठत होतात. बनियन घामानं भिजलेलं होतं. मी आत न येताच परत गेले. आणि संध्याकाळी ताट मांडताना म्हणाले, "दिवसभर लोळूनच राहिले काय?" तुम्ही आळशी असलात तर माझ्याकडे उपाय होता, बाबा. नसलात, तर काहीच नव्हतं.