पत्रिकेतली कोरी तारीख

१२ जानेवारी, शुक्रवार
अमोलचं पत्र आलं. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात वीस दिवसांची सुट्टी मिळेल म्हणतो. म्हणजे आमच्या प्रज्ञाचं लग्न लागलं म्हणायचं! पत्र माझ्या नावावर, पण मी ड्यूटीवरून घरी पोचेपर्यंत पाकीट फुटलेलं. विचारलं तर प्रज्ञा म्हणते, "डिंक कच्चा असन बाबा."
होणारा जावई फौजी, पार ईशान्येकडच्या सीमेवर. पलीकडच्या देशाचं नाव पत्रात लिहायची मनाई आहे. मग मीही वहीत लिहीत नाही. शिस्त म्हणजे शिस्त.
स्टँडवर अमरावती-यवतमाळ ४.१० ची गाडी ३५ मि. लेट. माइकवर सांगितलं. एकवीस वर्षं नेरच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर आहे. लेट गाडीला लेटच म्हणतो. "येऊन राहिली" असं खोटं सांगून प्रवाशाला कधी झुलवलं नाही.

१४ जानेवारी, रविवार
मेहुणे आले. प्रज्ञाचे मामा, हेडमास्तर. चहा संपायच्या आत, "भाऊजी, तारीख सांगा."
म्हटलं, आपल्याला काय पंचांग पाहायचंय? माझ्या बापानं छप्पन साली दीक्षा घेतली, त्याच दिवशी मुहूर्ताला घराबाहेर काढलं. नवरा-नवरी हजर, बौद्धाचार्य हजर, त्रिशरण-पंचशील, अर्ध्या तासात मोकळे. आपल्याला सगळे दिवस सारखेच चांगले.
फार ऐटीत बोललो. स्वयंपाकघरातून प्रज्ञाची आई: "मंग सांगा नं तारीख!"
तारीख कुठे आहे? ती अमोलच्या साहेबाच्या टेबलावर.

१९ जानेवारी, शुक्रवार
सुट्टी रद्द. कळलं ते रहीमभाईकडून. त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान स्टँडसमोरच, आमचे फोनही तिथंच येतात. अमोलचा निरोप त्यानंच घेतला. दुरुस्तीला आलेले सगळे रेडिओ तो बातम्यांवर लावून ठेवतो. गिऱ्हाईकाचा सेल, ज्ञान रहीमभाईचं.
"कंट्रोलरसाब, बात बिगडली. आपल्या सरकारनं त्याईच्या राजदूताले बोलावून झापलं. मंग त्याईनं आपल्या राजदूताले बोलावून झापलं."
"अन् चहा?"
"चहाचं रेडिओवर नाही सांगितलं."
प्रकरण असं. बंडखोरांची टोळी इकडे गोळीबार करते आणि पलीकडच्या जंगलात पळते. आपण म्हणतो ते तुमच्याकडे आहेत, आवरा. ते म्हणतात आमच्याकडे कोणीच नाही, तुमचंच घर तपासा. घरी समजावून सांगितलं. प्रज्ञाच्या आईला एका दमात कळलं. म्हणते, "शेजारीण म्हणते बकरी मायी नाही, अन् दूध तर तेच काढून राह्यली."
रहीमभाईला सांगितलं. त्याला इतकं पटलं की दिवसभर गिऱ्हाइकांना स्वतःचं म्हणून सांगत होता.

२३ जानेवारी, मंगळवार
प्रेसवाला ऐकेना. पुढे लग्नसराईची गर्दी, आत्ता छापा नाही तर एप्रिलात या. छापूनच टाकल्या. 'मंगल परिणय. आयु. प्रज्ञा आणि आयु. अमोल. दिनांक ............ रोजी.' सुट्टी मंजूर झाली की टिंबांवर हातानं लिहायचं. कोऱ्या फॉर्मांवर आयुष्य गेलं, मला त्यात काही वावगं वाटलं नाही.
वेळ मात्र छापली. सायंकाळी ५.०० वा., बुद्धविहार, नेर. कंट्रोलरच्या घरचं लग्न, वेळ कोरी सोडणार नाही.
प्रज्ञानं पत्रिका पाहिली. हसता हसता खाली बसली. मग मुकाट्यानं एक घेऊन गेली, उशाशी ठेवली असावी.

२९ जानेवारी, सोमवार
पुसदकडे जाऊन आलो, व्याह्यांना भेटायला. रामदासजी घरी नव्हतेच. सहा दिवस कापूस खरेदी केंद्राच्या रांगेत, बैलबंडीवर मुक्काम. जिनिंगमध्ये जागा नाही म्हणून केंद्र बंद, भाव रोज खाली, आणि हा माणूस कापसाच्या ढिगावर पालथा पडून बैलाला गोष्ट सांगत होता.
"जय भीम! या, गादी मोठी आहे," म्हणाले. "पोराची सुट्टी अन् माया कापूस, दोन्ही सरकारच्या हाती. पाहू आंधी कोण सुटते ते."
तिथेच बंडीवर बसून भाकर-ठेचा खाल्ला. असा व्याही मिळायला नशीब लागतं.

२ फेब्रुवारी, शुक्रवार
रेडिओवर सीमेवरच्या चकमकीची बातमी. जवान जखमी. नावं नाहीत.
रहीमभाईनं आज सगळे रेडिओ बंद ठेवले, एक सोडून. तोही कानाला लावून.
प्रज्ञा शिवणक्लासला गेली, आली. जेवली नाही. मीही.

४ फेब्रुवारी, रविवार
फोन आला!! रहीमभाई चप्पल न घालता घरी धावत. आम्ही सगळे तसेच दुकानात. प्रज्ञाच्या हातात कात्री तशीच.
अमोल सुखरूप. त्याच्या पलटणीतले दोघं जखमी, तेही बरे आहेत. मला म्हणाला, "मामाजी, इथलं काही खरं नाही. बोलणी बंद आहेत. सुट्टी कधी भेटन सांगता येत नाही. तुम्ही प्रज्ञासाठी दुसरं स्थळ पाहा. मी कायले अडवून ठेवू तिले."
प्रज्ञानं रिसीव्हर ओढला. "ऐका. दोन देशाईचं जमेपर्यंत मी थांबतो म्हणून सांगितलं का तुमाले कोणी? मी तुमच्यासाठी थांबून राह्यली. देशाईचं देश पाहून घेतीन. जेवले का?"
तो जेवला होता. मग ही पण जेवली. रहीमभाईनं फोन पुसून ठेवला आणि सगळ्यांना चहा सांगितला.

११ फेब्रुवारी, रविवार
आजचा दिवस लिहून ठेवलाच पाहिजे. सकाळी दहाला दारापुढे मेटाडोर उभी. आतून माझी दारव्ह्याची बहीण, तिची सासू, जावा, पोरं, एकूण बावीस माणसं. धुतलेले पांढरे कपडे, हातात कुकर, एक भिंतीवरचं घड्याळ.
"मांडव कुठी आहे दादा?"
तिला कोरी पत्रिका पाठवली होती, तारीख कळवतो म्हणून. बाईनं स्वतःच भरली! "कोरी दिसली. मले वाटलं तू विसरला. रविवार सगळ्याईले सोयीचा, म्हणून रविवार टाकला." आणि तीच तारीख सासरच्या आठ घरांत सांगून आली.
काय करता! तुरीचं वरण, भाकरी, वांग्याची भाजी. बावीस जणांनी नवरदेवाशिवाय लग्नाचं जेवण केलं. घड्याळ ठेवून घेतलं. कुकर परत दिला, पुन्हा आणा म्हटलं.
मेहुणेही आलेले. हात धुताना हळूच, "भाऊजी, माझ्या शाळेत एक मास्तर आहे. एकुलता एक. सुट्ट्या वर्षाच्या आधीच छापून येतात."
प्रज्ञानं ऐकलं. म्हणाली, "मामा, मंग त्याचं कॅलेंडर भिंतीले लावा, मी कायले पाह्यजे?"
मेहुणे हसले. मी हसलो. पण मुलगी सव्वीसची, बाप आहे मी. चूक तर करत नाही ना आपण?

२२ फेब्रुवारी, गुरुवार
रामदासजींचा कापूस सुटला. केंद्र उघडलंच नाही, शेवटी खाजगी व्यापाऱ्याला दिला. "भाव सांगत नाही, तुमचं जेवण बिघडन," म्हणाले. म्हणजे आधी कापूस, सुट्टी मागं.
आणि संध्याकाळी रहीमभाईनं आठही रेडिओ मोठ्यानं लावले. दोन्ही देशांचे मंत्री भेटले. संयुक्त पत्रक. बंडखोरांना थारा देणार नाही असं पलीकडच्यांनी लिहून दिलं म्हणे. प्रज्ञाची आई: "म्हणजे बकरी त्याईचीच होती!"

२७ फेब्रुवारी, मंगळवार
सुट्टी मंजूर. अमोलनं तिकडच्या रेल्वे स्टेशनवरून फोन केला, "गाडीत बसून राह्यलो." कोलकात्याला बदलून शुक्रवारी दुपारी बडनेरा, तिथून ४.१० च्या गाडीनं नेर. आधी इथे उतरणार, मग पुसद. वाटेतच आहे म्हणतो. लबाड.
लग्न अकरा मार्च, रविवार. तारीख पेन्सिलनं लिहायला घेतली. प्रज्ञानं हातात पेन दिला. मी पेन्सिलच घेतली.

२ मार्च, शुक्रवार. कॅबिनमध्ये, दुपारी ३.५०
सकाळी नऊला रामदासजी पुसदच्या गाडीतून उतरले. आज जय भीमही विसरले. खिशातून तार काढली. काल संध्याकाळी घरी आली. सीमेवर पुन्हा गोळीबार, बोलणी मोडली, सगळ्यांच्या सुट्ट्या रद्द. ताबडतोब हजर व्हा.
अमोल तेव्हा रेल्वेत. त्याला काहीच माहीत नाही.
मेहुण्यांना बोलावून घेतलं, घरी बसलो. मेहुणे म्हणाले, "तार दाखवायचीच नाही. अकरा तारखेले लग्न झालं की मंग देऊ. कोणाले कळते?" रामदासजींनी मान खाली घातली. खरं सांगतो, मलाही क्षणभर वाटलं, दडवावी.
प्रज्ञा म्हणाली, "उतरल्याबरोबर त्याईच्या हातात द्या. तिकडं दोघं जखमी झाले त्याईचे. मले दडवून ठेवलेला नवरा नाही पाह्यजे."
माझी नजर गेली बहिणीनं दिलेल्या घड्याळाकडे. आणि सवयीनं डोक्यात वेळापत्रक मांडलं गेलं. येणारी ४.१०. परत बडनेऱ्याला ७.४५, तीच रात्रीच्या रेल्वेला लागते. मधे साडेतीन तास हॉल्ट. लग्नाला लागतो अर्धा.
म्हटलं, "आपल्यात मुहूर्त असतो का?"
प्रज्ञाची आई म्हणाली, "नसते."
"मग आज. वेळ पत्रिकेवर छापलेलीच आहे."
प्रज्ञानं पेन आणला. पेन्सिल खोडली, शंभर पत्रिकांवर शाईनं आजची तारीख टाकली. रहीमभाई अर्ध्या नेरात स्कूटरवरून वाटून आला, विहारात भोंगाही लावून आला. बौद्धाचार्य शाळेत शिक्षक, हाफ डे टाकला. बहिणीला फोन केला तर म्हणते, "आज नक्की नं? का मी पुन्हा लिहिली?" मेटाडोर निघाली आहे. मेहुणे स्वतः वांगी चिरून राहिले.
अमोलला मात्र विचारायचं राहिलंय. तार वाचून तो काय म्हणेल? हो म्हणेल ना?

४.२५
गाडी नाही. तार माझ्या वरच्या खिशात. फलाटावर प्रज्ञा पांढऱ्या साडीत, स्वतः शिवलेलं ब्लाउज. रामदासजी बाजूला हार घेऊन. प्रवासी विचारतात, साहेब, यवतमाळ गाडी लेट आहे का?
माइक उचलला. लेट म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "येऊन राहिली."
रहीमभाई दुकानातून ओरडला, "झूट बोलले कंट्रोलरसाब!" सगळा स्टँड हसला. प्रज्ञाही.

४.४०
आमच्या आधीचा स्टँड नांदगाव, तिथल्या कंट्रोलरचा खात्याच्या लाइनवर फोन. गाडी तिथून केव्हाच सुटली. गच्च भरलेली, दारात एक फौजी ट्रंक घेऊन उभा आहे म्हणे. फौजी खूप असतात. नाव त्यानं विचारलं नाही.
परतीची ७.४५ फळ्यावर लिहायची वेळ झाली. खडू घेऊन बसलोय. आज ती तासभर लेट व्हावी असं वाटतं. एकवीस वर्षांत पहिल्यांदा.
वळणावर हॉर्न. बाहेर जातो.