आत्याबाईंची चाल

४ जून

चि. भाऊराया यास ताईचे अनेक आशीर्वाद.

उद्या माझ्या टिल्लूचा चित्रपट लागतोय. आपलंच नाटक, समोरासमोरच्या दोन खिडक्यांतून भांडत भांडत प्रेमात पडणाऱ्या त्या दोघांचं. कंपनीत मी त्यातली आत्याबाई किती वर्षं केली, ते तुला ठाऊकच आहे. दौऱ्यावर रंगमंचाची फळी मोडून पाय कायमचा अधू झाला, तरी पुढे नऊ वर्षं मीच करत होते. टिल्लू विंगेत पेटाऱ्यावर झोपायचा आणि झोपेत माझी वाक्यं बडबडायचा. आज तोच दिग्दर्शक झालाय. पोरगं एवढं मोठं कधी झालं कोण जाणे!

आमच्या गावात चित्रपट यायला महिना तरी लागेल. तू थिएटरच्या दारात उभा राहून तिकिटं फाडतोस, तेव्हा लोक काय बोलतात ते तुझ्याच कानावर आधी पडणार. जसं ऐकशील तसं लिही, साखर घालू नकोस. नाटकवाल्या बाईला शिव्यांची सवय असते.

गुडघा दुखत असेल तर स्टुलावर बस. मालक काही खाणार नाही तुला.

आशीर्वाद आहेतच, पत्राची वाट पाहते.
तुझी ताई

९ जून

ती. ताईस कृ. सा. न. वि. वि.

जसं ऐकलं तसं लिहितो. आता मला बोल लावू नकोस.

गणिताचे मास्तर, ज्यांनी नाटक सात वेळा पाहिलंय, ते बाहेर आले आणि सरळ नळावर जाऊन चूळ भरू लागले. म्हणाले की दुसऱ्याने चघळून टाकलेला घास तोंडात कोंबल्यासारखं वाटतंय. औषधाच्या दुकानातल्या बाई म्हणाल्या की नाटकातली मुलगी भांडायची, म्हणून तर आवडायची. इथे ती तोंड उघडत नाही, नुसती भिजत असते. एवढं भिजून पडसं कसं होत नाही, असं त्यांनी मलाच विचारलं. जसा काही मीच पाणी मारत होतो!

खिडकीतल्या भांडणाच्या जागी आता नायक तिच्या न्हाणीघरात डोकावतो आणि ती लाजते. त्यावर गाणं आहे. वसतिगृहातल्या दोन मुली गाणं संपायच्या आतच बाहेर आल्या. एकीच्या अंगावर अक्षरशः काटा आला होता. त्या म्हणाल्या की आमच्याकडे असं कुणी केलं तर आम्ही पोलिसांत देऊ, आणि इथे बासरी वाजतेय.

खोटं कशाला लिहू, ज्यांना आवडला असेही आहेत. टेम्पोवाला तिसऱ्यांदा आलाय. पण ताई, त्याला काय आवडलं ते ऐकूनही मला शिसारीच आली.

टिल्लूला यातलं काही कळवू नकोस. पहिलंच काम आहे. लोभ आहे तसाच असू दे.
तुझा भाऊ

१३ जून

चि. भाऊराया यास आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. मुलगी आहे, नायक आहे, पाणी आहे, बासरी आहे. आत्याबाई कुठे आहेत? तिसऱ्या अंकात पोस्टमास्तर लग्नाचं विचारतो आणि आत्याबाई कितीतरी वेळ गप्प राहून, शेवटी एवढंच म्हणतात की छत्री गळतेय, आत या. त्या वेळी सगळं नाट्यगृह श्वास रोखून बसायचं. त्याचं काय झालं?

लहानपणी कप फोडलास की तू घरातल्या इतर सगळ्या भांड्यांबद्दल बोलायचास. काय ते सरळ लिही.
ताई

१७ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

लिहायला बसतो नि उठतो, असं चार दिवस चाललंय. ऐकच आता.

आत्याबाईंचं काम एका पुरुषाने केलंय. पोस्टमास्तर लग्नाचं विचारतच नाही, तिला पाहून पळत सुटतो. ती लंगडत त्याच्या मागे लागते. पाऊल पडलं की ढोल वाजतो. एका पावलाला एक ढोल, आणि लोक खुर्च्या बडवतात. टेम्पोवाला त्यासाठीच येतो. आणि ताई, ते चालणं तुझं आहे. मी पडद्याकडे पाठ करून दारात उभा राहतो, तरी ढोल ऐकू येतोच.

परवा एक मुलगी वडिलांबरोबर आली होती. बारा-तेरा वर्षांची, एका पायात उंच टाचेचा बूट. मध्यंतरात ती उठेना. सगळे चहाला बाहेर गेले, मधली वाट मोकळी झाली, तेव्हा कुठे उठली. वडील अर्ध्यातूनच तिला घरी घेऊन गेले. मी दार धरून उभा होतो. माझीच मान खाली गेली.

टिल्लूला मी कडक पत्र टाकलंय. तू हा चित्रपट बघू नकोस, एवढं माझं ऐक.
तुझा भाऊ

१२ जुलै

चि. भाऊराया यास आशीर्वाद.

तुझं ऐकलं नाही. आमच्याकडे लागल्या लागल्या शेजारच्या शिंपीणबाईंना घेऊन गेले.

खरं सांगू? पहिल्या प्रसंगात मी हसले. नट चांगला आहे. डावं पाऊल टेकताना खांदा किती पडतो, वळायच्या आधी मी कुठे थबकते, सगळं बिनचूक. एखादा इतकं बारकाईने बघतो याचं कौतुकच वाटलं. मग वाटलं, याने मला पाहिलं कधी? आणि मग आठवलं.

हिवाळ्यात टिल्लू आला होता ना, त्याच्याबरोबर एक माणूस होता. ध्वनिमुद्रणातला मदतनीस, असं टिल्लूने सांगितलं. फार गोड बोलणारा. त्याने चार वेळा पाणी मागितलं. चारही वेळा मी स्वयंपाकघरातून भरून आणून दिलं. टिल्लू उठायला लागला तर मीच त्याला बस म्हटलं, पाहुण्याला मीच देते म्हणून. भाऊराया, तो तहानलेला नव्हता रे. आणि माझा मुलगा शेजारी बसून बघत होता.

मी ती भूमिका लंगडत केली, पण लोक माझ्या जिभेला हसायचे, पायाला नाही. शिंपीणबाईंनी अंधारात माझा हात धरला, तर तोही मला नकोसा झाला. घरी येऊन आंघोळ केली, तरी ती किळस अंगावरून काही जाईना.
ताई

२८ ऑगस्ट

ती. आईस टिल्लूचा सा. न.

मामाची तीन पत्रं आली. तू एकही टाकलं नाहीस. त्याचाच त्रास जास्त झाला.

आई, निर्मात्यांना आत्याबाईंतून हशा हवा होता. पहिल्याच कामात नाही म्हणायची माझी हिंमत झाली नाही. त्या नटाला कुणाचं तरी चालणं बघायचं होतं, आणि माझ्या डोळ्यांसमोर दुसरं कुणी आलंच नाही. तुला हा तुझा मान वाटेल असं मला खरंच वाटलं होतं. प्रेक्षक हसला पाहिजे, हे तूच शिकवलंस ना?

वर्तमानपत्रांतून फार वाईट लिहून येतंय. येत्या १२ तारखेला चित्रपटाला शंभर दिवस होतात, त्याचा समारंभ आहे. तू मंचावर येऊन बसलीस तर लोकांना कळेल की ज्या बाईने ही भूमिका गाजवली, तिलाच राग नाही. काही बोलू नकोस, फक्त ये.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा टिल्लू

१६ सप्टेंबर

चि. भाऊराया यास आशीर्वाद.

गेले होते. तू रागावशील, पण आधी पूर्ण वाच.

मला शेवटच्या रांगेत बसवलं होतं. निवेदकाने नुसतं एका खास पाहुणीला मंचावर बोलावलं. ती कोण, हे सांगितलंच नाही. टिल्लूला ते अचानक जाहीर करायचं होतं. मी उठले आणि मधल्या वाटेने चालू लागले. दहा पावलं गेले असेन, तोच कुणीतरी हसलं. मग सगळी रांग. त्यांना वाटलं, नकलेची नक्कल चाललीय. एकाने तोंडाने ढोल वाजवला. भाऊराया, पाऊण सभागृह हसत होतं आणि वाट काही सरेना. मागे फिरावंसं वाटलं. पण मागे फिरले असते तरी तसंच चालावं लागलं असतं. म्हणून पुढेच गेले.

टिल्लू मंचावर उभा होता. आधी तोही हसतमुख होता, समारंभातल्या माणसासारखा. मग त्याला कळलं, लोक कशाला हसतायत ते. त्याचा चेहरा कसा झाला ते मी पाहिलं. आई म्हणून पाहवलं नाही आणि नटी म्हणून नजर हटली नाही.

मी माइक मागून घेतला. म्हटलं की मी या दिग्दर्शकांची आई. नाटकात आत्याबाई करताना दुसऱ्या अंकात फळी मोडली, त्या दिवसापासून अशी चालते. तुम्ही हसलात त्यात तुमचा दोष नाही, माझ्या मुलाने तुम्हाला तसं शिकवलंय. एवढं बोलून माइक परत दिला. समोरच्या रांगेत तो गोड बोलणारा नट बसला होता, तो जमिनीकडे बघत होता. मंचावर खुर्ची होती. बसले नाही. ज्या वाटेने आले त्याच वाटेने परत गेले. या खेपेला कुणी हसलं नाही. पण खरं सांगते, ती शांतताही मला नकोच होती.

टिल्लू मागोमाग बसस्थानकावर आला. म्हणाला की ते प्रसंग कापायला सांगतो. दुसऱ्या दिवशी त्याने खरंच सांगितलं म्हणे, आणि निर्माते हसले. तेव्हा चित्रपट आहे तसाच चालू आहे. तुझ्या कानावर ढोल पडतच असेल.

त्याने विचारलं, घरी कधी येऊ. मी म्हटलं, कळवते. कागद समोर घेऊन रोज बसते. ‘चि. टिल्लू यास’ इतकं लिहून होतं आणि पुढे हात चालत नाही.

तुझ्या मायेवरच आहे.
ताई