बैलाची साक्ष

आटपाडी, ४ फेब्रुवारी १९७५

चि. नाथाजीस राहीआक्काचे अ. उ. आ.

तुला फौजदार कोणी केलं रे? गाडीवान इलाहीचा चोरीला गेलेला बैल शोधायला निघालास, आणि सापडला म्हणे हंबीररावांच्या गोठ्यात! तुझ्या शालनचा साखरपुडा त्याच घरी झालाय, एवढं तरी आठवायचंस. हंबीरराव गावभर सांगतात, बैल घरच्याच गाईचा. मला मात्र हळूच म्हणाले, साहेबांस्नी म्हणावं, बैल ऱ्हायला तर सोयरीक बी ऱ्हाईल.

पोरीचं बघ बाबा. मुलांना आशीर्वाद.

तुझी आक्का

सांगली, ९ फेब्रुवारी

ती. आक्कास शि. सा. न. वि. वि.

बैल इलाहीचा आहे, हे मला ठाऊक आहे, हंबीररावांना आहे आणि बैलालाही आहे. माझी रीत तू जाणतेसच. भांडणातलं जनावर वेशीत मोकळं सोडायचं, ज्याच्या दारी जाऊन उभं राहील तो धनी. माणसं खोटं बोलतात, जनावर नाही. याच रीतीवर उभ्या नोकरीत नाव कमावलं.

पण शालन जेवत नाही आणि तिची आई माझ्याशी बोलत नाही. तेव्हा परीक्षा पाडव्यानंतर घेतो. तोवर बैल हंबीररावांनीच सांभाळावा, असा हुकूम काढलाय. पेंड आणि गूळ घालताना हात आखडू नका म्हणावं. आक्का, माझी मलाच लाज वाटते. याविषयी पुन्हा विचारू नकोस.

लोभ कमी करू नये.

तुझा नाथाजी

आटपाडी, २० एप्रिल

चि. नाथाजीस अ. उ. आ.

परवा बैलाची परीक्षा झाल्यावर गावाकडून फेटा बांधून घेताना तू मान वर केली नाहीस. लोक म्हणाले, साहेब एवढे मोठे, पण गर्व न्हाई. बैल इलाहीच्या दारापाशी क्षणभर थबकलाही होता. पण कुणी हाक मारायची नाही, हा तुझाच हुकूम. इलाहीनं तो पाळला, आणि बैल पेंडीच्या वासानं पुढं हंबीररावांच्या दारी गेला.

काल इलाही माझ्याकडं आला. मला वाटलं, शिव्या देईल. उलट तुझ्या व्याह्यांवर आळ घेतला म्हणून पाया पडला. म्हणाला, सायबांचा न्याव कवा चुकत न्हाई, वळखण्यात माजीच चूक झाली. माजा बैल आजून कुटंतरी बांधलेला आसंल, तेवढा सायबांनीच हुडकून द्यावा. त्यांच्याबिगर दुसऱ्या कुणावर भरवसा न्हाई.

तोवर छकडा तो स्वतःच ओढतो, आणि त्याची बायको सुगराबी मागनं ढकलते.

नाथा, शोधायला कधी येतोस म्हणून सांगू त्याला?

लग्नाची खरेदी जमल्यास कळव. माया असू दे.

तुझी आक्का