दगडूबाईचं गाणं

१४ जुलै, सोमवार
वैशू आजपासून पँट-शर्टात शाळेला. सातवीपासून पोरींना पंजाबी ड्रेस असतो, नातीला ओढणी नको. केस तर उन्हाळ्यातच कापून आलेली. हेडमास्तर म्हणाले, रंग गणवेशाचाच आहे, माझी ना नाही. सुनबाई सकाळपासून भांडी आपटून राहिली. मी ओट्यावरून बघत बसलो. पोरगी खिशात हात घालून वळणापर्यंत गेली.
आमच्या पाचवीच्या पुस्तकात पाखराची एक कविता होती. तिची चाल दिवसभर ओठांवर. शब्द काही सापडेनात.

१६, बुध.
वै. बोलत नाही. खोदून विचारलं तेव्हा तुकड्यातुकड्यांत कळलं. परिपाठाला मुलींच्या रांगेत ती शेवटची, पुढची पोरगी हातभर जास्तच अंतर ठेवते. खिचडीला मुली म्हणाल्या, पोरांत बस. पोरं म्हणाली, भाऊ, मिशा कवा येणार? दोन्ही पंगतींच्या मधे एकटी जेवली. साक्षी, पहिलीपासून तिच्याच बाकावरची, आज दुसरीकडे जाऊन बसली. आई रागावते म्हणे.
सुनबाई म्हणते, आबा, तुमीच लाडावून ठेवलं. असेल.

१७, गुरु.
लिहवत नाही. तरी लिहितो.
संध्याकाळी वै. म्हणाली, सगळे मिळून माझ्यावर गाणं म्हणतात. म्हणून दाखव म्हणालो. भिंतीकडे तोंड करून म्हणाली:
दगडूबाई, दगडूबाई,
बाप्या म्हणु की म्हणु मी बाई,
दप्तर फेका, शाळा सोडा—
इथं ती अडली. आणि पुढची ओळ माझ्या तोंडून आपसूक गेली. घरला बसुनी काड्या तोडा.
"तुमाला कसं येतं, आबा?"
जुनं आहे, म्हणालो. ऐकलेलं.
"दगडूबाई कोण व्हती?"
ठाऊक नाही म्हणालो.
खोटं. गाणं माझं आहे. चौथीत असताना केलेलं. पाटी फोडा होतं, त्याचं दप्तर फेका झालंय. बाकी अक्षर हललेलं नाही.

१८, शुक्र.
दगडू. त्याच्या आधीची तीन लेकरं गेली, म्हणून नाव दगडू. म्हणून आईनं देवीला बोललेलं, बारा वर्षं पोरगी म्हणूनच वाढवीन, मग माहूरला केस देईन. परकर, वेणी, नाकात मुरणी. मोठी माणसं त्याच्याकडे बघून हात जोडायची, नवसाचं लेकरू म्हणून. आम्ही पोरं मात्र...
गुरुजींनी त्याच आठवड्यात मात्रा शिकवल्या होत्या. मी ते गाणं आठ-आठ मात्रांत पक्कं बसवून दाखवलं. गुरुजी हसले. पाठीवर थाप दिली. दिवाळीनंतर दगडू शाळेत आला नाही.
पुढं आयुष्यभर वह्या भरल्या. पळस, चांदणं, कयाधू नदीचा घाट. घरच्यांनाही एक ओळ पाठ नाही. जगलं ते हे.

१९, शनि.
सकाळची शाळा. पोरांनी "खिशात काय लपवलं दाखव" करत वै.च्या पँटीचा खिसा ओढून फाडला. साक्षी बघत उभी होती. वै. म्हणते, सोमवारी जाणार नाही. सुनबाईनं पंजाबी ड्रेस धुऊन दोरीवर टाकला.
पँट घेऊन कोपऱ्यावरच्या टेलरकडे गेलो. गाव त्याला मास्टरच म्हणतं, पाटीवर नाव त्याच्या पोराचं. शाळेतल्या लेकरांना काय ठाऊक की दगडू अजून आहे, आणि त्यांच्याच शर्टांना काजं करतो. त्याच्या दुकानापुढूनच ती गात जातात. साठ वर्षांत आमचं बोलणं म्हणजे रामराम आणि पाऊसपाणी.
त्यानं खिसा उलटा करून पाहिला. "पोरगी म्हणाली खोल पाहिजे, म्हणून खोल दिला. आमच्या परकराला कुठं व्हता खिसा."
मी म्हणालो, पोरं फार वाईट वागून राहिली.
सुईत दोरा ओवत म्हणाला, "काय शिवलं व्हतं रे बाबू तू. साठ वर्सं झाली. टाका उसवला न्हाई."
चुकलो. चारच मात्रा. तेवढं सोडून मी शिलाई किती ते विचारलं.
उठलो तेव्हा म्हणाला, पँट न्यायला उद्या पोरीलाच धाड. "आज तू सांग तिला. तू न्हाई सांगितलं तर मी सांगतो." रागानं नाही. माप सांगावं तसं.

२०, रवि.
काल सांगणं झालं नाही. आज सकाळी दोनदा हाक मारली. पहिल्यांदा गणिताचं विचारलं. दुसऱ्यांदा तीच म्हणाली, "आबा, तुमी कविता करता नं? त्या साक्षीवर एक करून द्या. चांगली जिरली पाहिजे."
बघू म्हणालो. ती आत गेली आणि दोन ओळी लगेच आल्या. साक्षीच्या तिरळ्या डोळ्यावर. कित्येक वर्षांत इतकं सहज काही सुचलं नव्हतं. मात्रा बराबर. कागद फाडून चुलीत घातला. पण पाठ झाल्यात.
चार वाजता वै. पँट आणायला निघाली. दारात थांबून म्हणाली, काही सांगायचं होतं का? म्हणालो, चपला घाल, चिखल आहे.
ओट्यावर बसून लिहितोय. इथून दुकान दिसतं. वै. स्टुलावर बसलीय, पाठमोरी. केस इतके आखूड की लांबून चौथीतलं पोरगं वाटावं. मघापर्यंत मशीनचा आवाज येत होता. आत्ता थांबला.
दोरीवरचा ड्रेस वाळलाय. सुनबाई आतून विचारते, पोरगी आली का.
अजून उठली नाही.